न लिहिलेल्या ग्रंथांची साक्ष

पुष्कळ विज्ञान कादंबऱ्यांत प्रकरणाचा पहिला शब्द कादंबरीकाराचा नसतो. प्रकरणाच्या माथ्यावर तिरप्या ठशात चार-सहा ओळींचा उतारा असतो. खाली ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव, क्वचित आवृत्ती आणि प्रकाशनाचे सालही असते. तो ग्रंथ जगातल्या कोणत्याही वाचनालयात मिळायचा नाही, कारण तो कोणी लिहिलेलाच नाही. कादंबरीकाराने उतारा तेवढा रचला आणि त्याच्या जोरावर अख्ख्या ग्रंथाचा आभास उभा केला. या क्लृप्तीबद्दल साधारण तीन मते ऐकू येतात. काहींना ती निव्वळ सजावट वाटते. काहींच्या मते ती लेखकाची सोय आहे : परग्रहाचा भूगोल, राजघराण्यांच्या वंशावळी, यंत्रांची माहिती असा जो मजकूर कथेत मावत नाही तो ठेवायची जागा. तिसरे मत असे, की उताऱ्यामुळे अद्भुताला ग्रंथप्रामाण्याचे वजन येते आणि ते पटायला मदत होते. तिन्ही मतांत तथ्य आहे, पण तिन्ही उताऱ्याच्या मूळ कामाला बगल देतात. ही कथा घडून गेल्यावर तिचा इतिहास कोणाच्या हाती गेला, हे उतारा ठरवतो. कथेतला वर्तमान हा कोणाचा तरी भूतकाळ आहे आणि तो सांगणाऱ्याला स्वतःचा काही हेतू आहे, ही जाणीव जो उतारा देतो तो कामाचा. जो देत नाही तो गाळला तरी कादंबरीचे काही बिघडत नाही. या कसोटीवर काही गाजलेल्या कादंबऱ्या आणि आपले मराठी विज्ञानसाहित्य तपासून पाहण्यासारखे आहे.

बनावट उताऱ्याची चाल विज्ञान कादंबरीने काढलेली नाही. सर वॉल्टर स्कॉट ‘द अँटिक्वेरी’ (१८१६) लिहीत असताना हवे ते अवतरण जुन्या नाटकांत सापडेना, तेव्हा त्याने स्वतःच ओळी रचल्या आणि खाली ‘जुने नाटक’ असे ठोकून दिले. पुढे ती त्याची सवयच झाली. जॉर्ज इलियटने ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१-७२) अनेक प्रकरणांच्या माथ्यावर स्वतःच्याच ओळी निनावी घातल्या. स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या (१९२५) आरंभी ज्या कवीच्या ओळी आहेत, तो कवी फिट्झजेराल्डच्याच आधीच्या कादंबरीतले एक पात्र आहे. पण या तिघांचेही काम खऱ्या अवतरणांनी भागले असते. त्यांच्या कादंबऱ्यांतले जग वाचकाच्या ओळखीचे होते. त्या जगात शेक्सपिअर होता, बायबल होते. दूरच्या भविष्यातली किंवा दुसऱ्या ग्रहावरची कादंबरी लिहिणाऱ्याची अडचण निराळी असते. त्याने कल्पिलेल्या समाजाला स्वतःचे धर्मग्रंथ हवेत, शाळेतली पुस्तके हवीत, एकमेकांशी भांडणारे इतिहासकार हवेत. हे सारे लिहून काढायचे तर सात जन्म पुरायचे नाहीत. उतारा हा त्यावरचा काटकसरीचा उपाय आहे. अर्जेंटिनाचा कथाकार बोर्हेस याने १९४१ च्या आपल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत ही काटकसर उघडच मान्य केली आहे : जाडजूड ग्रंथ लिहीत बसण्यापेक्षा तो आधीच लिहिला गेला आहे असे धरावे आणि त्यावर टिपण लिहावे, हे त्याला अधिक शहाणपणाचे वाटत होते.

तुटक उताऱ्यांवरून वाचक सबंध ग्रंथ मनात उभा करू शकतो, यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या विद्याव्यवहारात खऱ्या ग्रंथांच्या बाबतीत हे काम झालेले आहे. कात्यायनस्मृती आज मूळ ग्रंथाच्या रूपात हाती नाही. ती उरली आहे ती नंतरच्या टीकाकारांनी आणि निबंधकारांनी आपापल्या वादात घेतलेल्या अवतरणांमधून. ती अवतरणे वेचून आणि विषयवार लावून महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३३ मध्ये ‘कात्यायनस्मृतिसारोद्धार’ सिद्ध केला.  त्यांच्या या ग्रंथावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. हरवलेला ग्रंथ अवतरणांतून बऱ्याच अंशी परत मिळतो, ही पहिली. दुसरी अशी, की तो पूर्ण मात्र कधीच मिळत नाही, कारण अवतरण घेणाऱ्याने स्वतःच्या वादाला लागेल तेवढेच उचललेले असते. त्याला नको असलेले काय होते, हे कळायला आता मार्ग नाही. थोडक्यात, अवतरण ही एकाच वेळी मूळ ग्रंथाची आणि ते निवडणाऱ्याची साक्ष असते. विज्ञान कादंबरीतला कल्पित उतारा या दुहेरी साक्षीवरच जगतो. फरक एवढाच, की तिथे मूळ ग्रंथ आणि निवडणारा दोघेही कल्पित असतात आणि दोघांचेही हेतू कादंबरीकाराला जुळवावे लागतात.

आयझॅक असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ (१९५१) हे यातले सर्वांत ठळक जुने उदाहरण. तिच्यात ‘एन्सायक्लोपीडिया गॅलॅक्टिका’ नावाच्या कोशातल्या नोंदी उद्धृत केल्या आहेत. हे उतारे कोशाच्या ११६ व्या आवृत्तीतले आहेत, ती आवृत्ती फाउंडेशन शक १०२० मध्ये टर्मिनस ग्रहावर प्रसिद्ध झाली आणि उतारे प्रकाशकांच्या परवानगीने घेतले आहेत, असे एक टीप सांगते. वाचक हसतो आणि पुढे जातो. पण कादंबरीतली सर्वांत मोठी बातमी त्या टिपेतच फुटलेली असते. फाउंडेशनचा संस्थापक हॅरी सेल्डन याची योजना अशी, की आकाशगंगेचे साम्राज्य कोसळल्यावर येणारा तीस हजार वर्षांचा अंधारकाळ एका हजार वर्षांवर आणायचा. शक १०२० मध्ये टर्मिनसवर कोश छापला जातो, तिथे प्रकाशनसंस्था आहे, परवानग्या दिल्या-घेतल्या जातात, म्हणजे योजनेची मुदत उलटल्यावरही ते जग शाबूत आहे. सेल्डनवरच्या पहिल्याच नोंदीत आणखी बारीक काम आहे. त्याच्या जन्ममृत्यूची साले आधी साम्राज्याच्या कालगणनेत येतात आणि लगेच, आता ही साले फाउंडेशन शकात सांगण्याचा प्रघात आहे, अशी पुस्ती जोडलेली असते. शालिवाहन शक, फसली, सुहूर सन, राज्याभिषेक शक अशा कालगणना जुन्या कागदांत पाहिलेल्या मराठी वाचकाला यातले राजकारण समजावून सांगावे लागू नये. पुढे कथेत पन्नास वर्षे लोटतात आणि सेल्डनची प्रतिमा प्रकट होऊन सांगते, की कोशाचा प्रकल्प ही हूल होती. शास्त्रज्ञांना टर्मिनसवर गोळा करण्यासाठी काढलेला तो बहाणा होता. संस्थापकाच्या लेखी जो कोश बनाव होता, त्याच्याच ११६ व्या आवृत्तीतून आपण संस्थापकाचे चरित्र वाचत आलेलो असतो. असिमॉव्हने ही विसंगती फारशी ताणलेली नाही. त्याचा कोश गंभीर, निःपक्षपाती आवाजात बोलतो आणि त्या आवाजाला चेहरा नाही. तरीही बनावातून खरोखरीचा कोश निपजला, हे उताऱ्यांखेरीज कादंबरीत दुसरे कोण सांगणार होते?

चेहरा दिला तो फ्रँक हर्बर्टने. त्याच्या ‘ड्यून’मध्ये (१९६५) प्रकरणांना ना क्रमांक आहेत, ना शीर्षके, प्रत्येक प्रकरण उताऱ्याने उघडते आणि जवळजवळ सगळे उतारे राजकन्या इरुलानच्या पुस्तकांतले आहेत. या बाईने काय लिहिलेले नाही! नायक मुआद्दिबचा इतिहास, त्याचा कोश, त्याच्या वचनांचे संग्रह, मुलांसाठी त्याचे चरित्र, वडिलांच्या राजवाड्यातल्या आठवणी. वाचकाला वाटते, ही कोणी दूरच्या काळातली विद्वान असावी. प्रत्यक्षात ती सम्राटाची मुलगी आहे आणि कथेत समोर येते ती अगदी शेवटी. जिंकलेला पॉल, म्हणजेच मुआद्दिब, सिंहासनासाठी तिच्याशी लग्न ठरवतो आणि त्याच वेळी आपल्या प्रेयसीला, चानीला, वचन देतो की या राजकन्येला नावापलीकडे काहीही मिळणार नाही, ना मूल, ना माया. कादंबरी तिथे संपते आणि वाचकाला मागचे सगळे उतारे नव्याने वाचावे लागतात. ज्या नवऱ्याने आपल्याला जवळ केले नाही, त्याच्या इतिहासाची मक्तेदारी या बाईने मिळवली. चानीच्या नावावर मात्र एकही ग्रंथ नाही. उताऱ्यांतला भक्तिभाव खरा, की ती हरलेल्या माणसाची शेवटची मिळकत, हे हर्बर्ट कुठेच सांगत नाही. ‘ड्यून मेसाया’मध्ये (१९६९) हीच इरुलान नवऱ्याविरुद्धच्या कटात सामील होते आणि शेवटी त्याच्या मुलांना वाढवण्याचे काम अंगावर घेते, त्यामुळे तिच्या साक्षीची किंमत ठरवणे आणखी अवघड होते. पहिल्या कादंबरीत मात्र तिचे सारे कथानक प्रकरणांच्या माथ्यावरच घडते. मधल्या मजकुरात इरुलान जवळजवळ नाहीच.

उतारे काढून टाकले तर काय होते, याचा पुरावा चित्रपटांनी आयता दिला आहे. पडद्यावर प्रकरणे नसतात, त्यामुळे दिग्दर्शकाला आवाज निवडावाच लागतो. डेव्हिड लिंचच्या १९८४ च्या चित्रपटात इरुलान सुरुवातीलाच पडद्यावर येऊन जगाची माहिती सांगते. तिचा ग्रंथव्यवहार गेला आणि उरली ती निवेदिका, म्हणजे उतारा हे माहितीचे कोठार असे मानणाऱ्यांच्या मताप्रमाणेच ते झाले. डेनिस विल्नव्हने २०२१ च्या चित्रपटाचा आरंभ चानीच्या आवाजाने केला. तिथे वाळवंटातली मुलगी आपल्या लोकांवर झालेला जुलूम सांगते आणि आता पुढचे जुलमी कोण येणार असे विचारते. ग्रह तोच, युद्ध तेच, पण सांगणारी बदलल्याबरोबर नायकाकडे पाहण्याची आपली दृष्टी पहिल्या मिनिटातच संशयी होते. २०२४ च्या दुसऱ्या भागाच्या आरंभी मात्र नोंद करणारी इरुलान परत येते. सांगणारी व्यक्ती बदलली की कथेचा न्याय बदलतो, हे तिन्ही चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे दिसते. हर्बर्टने हा न्याय उताऱ्यांवर सोपवला होता.

त्यापुढचे पाऊल ऑक्टाव्हिया बटलरचे. ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ (१९९३) या कादंबरीत मोडकळीला आलेल्या अमेरिकेत एक तरुण मुलगी, लॉरेन ओलामिना, नवा धर्म रचते आहे. प्रकरणांच्या आरंभीची वचने तिच्याच धर्मग्रंथातली आहेत. खालच्या मजकुरात तिची रोजनिशी आहे : उपासमार, लूट, पायपीट. वर पद्यात गोठलेले सत्य आणि खाली ते सत्य ज्या भीतीतून निघाले ती भीती, अशी रचना झाल्यामुळे धर्मग्रंथ कसा घडतो हे वाचक प्रत्यक्ष पाहतो. पण खरी कमाल पुढच्या ‘पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स’मध्ये (१९९८) आहे. तिथे आईच्या नोंदींना तिच्यापासून तुटलेल्या मुलीचे भाष्य जोडले आहे. मुलीला आईचा मोठेपणा नाकारता येत नाही आणि माफही करता येत नाही. वाचक वचनावर विश्वास ठेवू लागतो तोच मुलगी त्याला अडवते. उतारा, नोंद आणि भाष्य एकमेकांशी भांडू लागले की अमुक एकच खरे असे कोणालाही म्हणता येत नाही. असिमॉव्हच्या बिनचेहऱ्याच्या कोशापासून इथपर्यंतच्या वाटेला एक दिशा आहे : आधी लेखक नसलेला उतारा, मग हेतू असलेल्या लेखिकेचा उतारा, आणि शेवटी ज्याला घरातूनच आव्हान मिळते असा उतारा. वाटेतला प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा सरस झाला, कारण सांगणाऱ्याचा हेतू अधिकाधिक उघडा पडत गेला.

यावर पहिला आक्षेप असा, की असे उतारे उत्कंठा मारतात. इरुलान आपल्या कोशात डॉक्टर युएची नोंद करताना तो विश्वासघातकी म्हणूनच प्रसिद्ध असल्याचे सांगून टाकते. मग विश्वासघाताची वाट पाहण्यात मजा काय? आक्षेप बरोबर आहे, पण तो उत्कंठेच्या एकाच जातीला लागू पडतो. युए फितूर आहे हे हर्बर्टने दुसऱ्या प्रकरणातच शत्रूच्या तोंडून उघड केले आहे. त्याला ते लपवायचेच नव्हते. माहीत असूनही थांबवता येत नाही, अशी घालमेल त्याला हवी होती. आपल्या वाचकाला ही घालमेल नवी नाही. कर्ण कसा मरतो हे ठाऊक असलेल्यांसाठीच महाभारत शतकानुशतके सांगितले गेले आणि कीर्तनकाराच्या उत्तररंगातले आख्यान श्रोत्यांना आधीपासून पाठ असते. शेवट ठाऊक असलेला श्रोता काय होणार हे विचारत नाही. तो कसे झाले आणि का टळले नाही हे ऐकायला बसतो. ज्या कादंबरीचे सारे बळ शेवटच्या पानावरच्या रहस्यात आहे, तिने भविष्यातल्या इतिहासकाराचा उतारा वापरू नये, हे मात्र मान्य करायला हवे. खुनाचा तपास आणि भविष्याचा इतिहास एका छपराखाली फार काळ नांदत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. बहुसंख्य वाचक उतारे गाळून पुढे जातात, आणि बहुसंख्य लेखक ते आळसाने लिहितात, असे म्हटले जाते. यातले दुसरे विधान पहिल्याचे कारण आहे. ‘ड्यून’च्या यशानंतर माथ्यावर भारदस्त वचन लावण्याची लाटच आली. कोणा ऋषितुल्य पुरुषाची सत्ता, काळ आणि वाळू यांच्यावरची गूढ वाक्ये, आणि खाली त्यांच्याशी काहीच देणेघेणे नसलेला पाठलाग. असा उतारा वाचकाने गाळला तर चूक वाचकाची नाही. माहिती भरण्यासाठी लिहिलेल्या उताऱ्याची गतही तीच. अवकाशयानाचे इंजिन कसे चालते हे कोशाच्या नोंदीत सांगितले काय आणि प्राध्यापकाच्या तोंडी घातले काय, व्याख्यान ते व्याख्यानच. उर्सुला ले ग्विनने ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) यावर वेगळा तोडगा काढला. माथ्यावरची जागा सोडून तिने लोककथा, शोधपथकाचा अहवाल, पुराणकथा यांना स्वतंत्र प्रकरणेच दिली, त्यामुळे त्या गाळण्याची सोय वाचकाला उरली नाही. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे अधिक आहे त्याने तसे जरूर करावे. पण चार ओळींतही काम होते. त्या चार ओळींचा खालच्या प्रकरणाशी वाद हवा. उतारा आणि प्रकरण एकच गोष्ट सांगत असतील तर दोन्हींतले एक जास्तीचे आहे.

आता मराठीकडे वळू. आपल्या विज्ञानसाहित्याचा मुख्य प्रवाह कादंबरीपेक्षा कथेचा आहे. मासिके, दिवाळी अंक आणि स्पर्धा यांनी तो वाढवला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. ती पाठवणारे ‘नारायण विनायक जगताप’ म्हणजे आपली आद्याक्षरे उलटी केलेले जयंत विष्णु नारळीकर होते. नावाच्या वजनाने परीक्षकांचे मत झुकू नये म्हणून त्यांनी कल्पित लेखक उभा केला आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतली. मजकुराखाली कोणाचे नाव आहे यावर मजकुराचे वाचन ठरते, याचा याहून चांगला दाखला शोधायला नको. पण हे भान आपल्या कथांच्या रचनेत क्वचितच उतरले. विज्ञान समजावून सांगण्याचे काम आपल्याकडे बहुधा प्रयोगशाळेतल्या किंवा दिवाणखान्यातल्या संवादावर पडले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रवाह पुष्कळ रुंद केला. कथेच्या चार-पाच हजार शब्दांत उताऱ्यांची माळ ओवायला जागा नसते, हे या उणिवेचे साधे कारण आहे. कल्पित इतिहासाला कादंबरीचा विस्तार लागतो.

तरीही कल्पित दस्तऐवजाची ताकद मराठीत सिद्ध झालेली आहे, आणि तीही नारळीकरांच्याच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत. पुण्याचे इतिहाससंशोधक गंगाधरपंत अशा एका मुंबईत पोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. एशियाटिकच्या वाचनालयात ते स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड मागवतात आणि शेवटच्या खंडात इतिहासाने वेगळे वळण घेतलेले पाहतात. पुढे ‘भाऊसाहेबांची बखर’ चाळताना त्यांना दिसते, की विश्वासरावांना गोळी चाटून गेली, लागली नाही. परतल्यावर पुरावा म्हणून त्यांच्या खिशात उरते ते त्या बखरीचे एक पान. आपल्या जगातल्या बखरीत तेच वर्णन आहे, फक्त त्यात गोळी लागते. कथेचा सांधा इथे आहे. क्वांटम सिद्धांताचे स्पष्टीकरण नंतर येते आणि ते विसरले तरी चालते. पान विसरता येत नाही. बखरींना पुरावा न मानणाऱ्या संशोधकाला बखरीच्याच पानावर विसंबावे लागते, ही त्यातली खोच. १७६१ च्या त्या लढाईबाबत असा दुसरा इतिहास खुद्द रत्नागिरीत एकदा माणसाच्या रूपाने उभा राहिला होता. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. १७७६ मध्ये तिथला सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडवले, कोकणातले किल्ले पटापट त्याच्याकडे गेले, आणि वर्ष संपायच्या आत तो पकडला जाऊन पुण्यात मारला गेला. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. लोकांना हवा असलेला इतिहास कोणी अधिकाराच्या आवाजात सांगितला की तो काही काळ खरा ठरतो. विज्ञान कादंबरीतला उतारा हेच काम कागदावर करतो.

तिसरा आक्षेप इथे येतो : ही परदेशी कादंबरीची लकब मराठीत उसनी वाटणार नाही का? आकाशगंगीय कोशाची नक्कल केली तर नक्कीच वाटेल. पण आपल्याकडे अधिकाराचे स्वतःचे आवाज भरपूर आहेत : बखर, कैफियत, करीना, महजर, पंचांग, सातबाराचा उतारा आणि जिल्हा गॅझेटियर. रत्नागिरीपुरते बोलायचे तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी व सावंतवाडी, १८८० मध्ये निघाला आणि राज्य सरकारची सुधारित आवृत्ती १९६२ मध्ये. दोहोंचा सूर थंड, माहितीपर, जणू जिल्हा स्वतःच बोलतो आहे. पण पहिल्याचा बोलविता धनी परकी सरकार होते आणि दुसऱ्याचा स्वकीय. शिवाय दोन्ही ग्रंथ आपापल्या तारखेचे कैदी आहेत. १८८० च्या खंडात ब्रह्मदेशचा थिबा राजा असणे शक्य नाही, कारण त्याची हद्दपारी १८८५ ची. १९६२ च्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येतो, कारण तो १९८१ मध्ये वेगळा झाला. प्रत्येक दस्तऐवजाला साल असते आणि सालाबरोबर त्याचे अज्ञानही ठरते. परदेशी कादंबऱ्यांतल्या अनेक उताऱ्यांना हे जमलेले नाही; ते सर्वज्ञ असतात. गॅझेटियर वाचलेल्या कोकणी लेखकाला हे अंगवळणी असायला हवे.

नुसते तत्त्व सांगण्यापेक्षा नमुनाच करून पाहू. समजा, राजापूर तालुक्यातल्या सड्यावर घडणारी, शंभर वर्षांपुढची मराठी कादंबरी आहे, आणि एका प्रकरणावर असा उतारा आहे : ‘तालुक्यातील सडे आता निर्मनुष्य आहेत. पूर्वीची वस्ती स्वेच्छेने घाटमाथ्यावर गेली. कातळावरील आकृतींचा अर्थ स्थानिकांना सांगता येत नाही. — जिल्हा गॅझेटियर, सुधारित आवृत्ती, २१४०’. खाली प्रकरणात एक कुटुंब रात्री सामान बांधते आहे आणि आजी जाण्याआधी नातीला कातळावरची आकृती दाखवून तिची गोष्ट सांगते आहे. प्रकरणात अन्यायाबद्दल एक शब्दही नसला तरी चालेल. ‘स्वेच्छेने’ हा शब्द ते काम करून मोकळा झाला आहे. नीट वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट बोचेल : सडे निर्मनुष्य असतील तर अर्थ विचारला कोणत्या स्थानिकांना? उताऱ्यातली ही फट संपादकाची लबाडी आहे, की हलगर्जी, की लपवून ठेवलेली कबुली, यावर पुढची प्रकरणे उभी राहू शकतात. यासाठी काल्पनिक ग्रह लागला नाही. कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला, ती कोणी आणि कशासाठी कोरली हे सांगणारा लेख मागे उरलेला नाही, आणि त्यांतली काही ज्या बारसूच्या सड्यावर आहेत तिथेच २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या सर्वेक्षणावरून आंदोलन झाले. माडबनच्या अणुप्रकल्पाचे कागदही वर्षानुवर्षे साचत आहेत. प्रकल्पाचा अहवाल, जनसुनावणीचे इतिवृत्त, पंचनामा यांची भाषा आपल्या वाचकाला तोंडपाठ आहे. त्या भाषेत लिहिलेला उद्याचा उतारा त्याला उसना वाटायचा नाही.

एवढ्या आढाव्यानंतर निकाल द्यायला हरकत नाही. कल्पित उतारा ही विज्ञान कादंबरीची गरज नव्हे. त्यावाचून उत्तम कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत आणि जातील. पण भविष्यातल्या समाजाची सत्ता, स्मृती आणि खोटेपणा दाखवायचा असेल तर इतक्या कमी जागेत इतके काम करणारे दुसरे साधन कादंबरीकाराकडे नाही. ते वापरू पाहणाऱ्या मराठी लेखकाने प्रत्येक उताऱ्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात : हे कोणी लिहिले, कोणत्या साली लिहिले, आणि लिहिताना काय गाळले. तिन्हींची उत्तरे देता येत नसतील तर उतारा खोडावा आणि सरळ प्रकरणाला सुरुवात करावी. दिवाळी अंकांच्या संपादकांनीही विज्ञानकथेबरोबर दीर्घ कथानकाला, क्रमशः कादंबरीला पाने द्यावीत. भविष्याचा इतिहास आठ पानांत मावत नाही. आणि वाचकाला एवढेच सांगणे, की पुढच्या वेळी तिरप्या ठशातल्या ओळी गाळू नका. आधी त्या वाचा, प्रकरण संपल्यावर पुन्हा वाचा, आणि दोन्ही वेळी अर्थ तोच लागला तर लेखकाला दोष द्या.